चौथा उद्गार

गुड फ्रायडेच्या उपासनेत सव्वा वाजून गेला होता. बारा ते तीन म्हणजे १८० मिनिटे आणि येशूचे क्रुसावरचे उद्गार सात. गीत आणि प्रार्थना धरून प्रत्येकाच्या वाट्याला पंचवीस मिनिटे येतात, त्यामुळे घड्याळ न बघताही कळते की आता चौथा. पंखे सगळे चालू होते, तरी पांढरे सदरे पाठीला चिकटलेले. चौथा वक्ता उठला, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे वचन त्याने वाचले आणि शास्त्र मिटता मिटता म्हणाला, ‘प्रियांनो, ही तक्रार नव्हे.’ पुढचा सगळा वेळ ती तक्रार कशी नव्हे हे सांगण्यात गेला. तिसऱ्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. जानेवारीत त्यांच्या यजमानांचे दफन झाले होते. गीतांचा छापील कागद त्या दुमडत होत्या. आधी अर्धा, मग पाव, मग आणखी लहान, इतका की पुढे घडीच बसेना. पुढचे गीत सुरू झाले तरी तो उलगडायचे त्यांच्या लक्षात आले नाही.

वक्ता चुकीचे बोलत होता असे नाही. त्याचा मुद्दा जुनाच आहे आणि अभ्यासू लोकही तो मांडतात. ते वचन बायबलातल्या २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, त्या स्तोत्राची ३१ वचने आहेत, पहिल्या दोन तृतीयांशात आक्रोश आहे आणि पुढे सूर पालटून स्तुती सुरू होते. म्हणून प्रभूच्या मनात तेव्हा सगळे स्तोत्र असणार, शेवटच्या स्तुतीसकट. असेलही. पण मत्तय आणि मार्क यांनी लिहिली ती एकच ओळ, आणि तीही येशूच्या बोलीतले शब्द जसेच्या तसे ठेवून. जवळ उभ्या असलेल्या लोकांना वाटले की हा जुन्या काळच्या एलीया संदेष्ट्याला हाक मारतोय. सात उद्गारांपैकी बाकीचे सहा लूक आणि योहान यांच्याकडून येतात. मत्तय आणि मार्क यांची शुभवर्तमाने वाचली तर क्रुसावरून येशूने उच्चारलेले एवढेच एक वाक्य मिळते, त्यानंतर फक्त मोठ्याने फोडलेली आरोळी. तीन तासांचा अंधार, आणि त्याच्या शेवटी हा प्रश्न. त्याला वरून उत्तर आल्याची नोंद नाही. हे आपल्याला सोसत नाही म्हणून आपण घाईघाईने स्तोत्राचे शेवटचे पान उघडतो.

ही घाई गुड फ्रायडेपुरती असती तर चालले असते.

दफनाहून परतलेल्या घरात पहिल्या तासाभरात काय काय ऐकू येते ते आठवून पाहा. ‘रडू नका, ते प्रभूकडे गेलेत.’ ‘देवाची योजना असते.’ ‘तुम्ही तर विश्वासातल्या, तुम्ही खचून कसं चालेल?’ यातले पहिले वाक्य आमचा विश्वासच आहे, त्याबद्दल वाद नाही. चूक वेळेची आहे. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिले की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका. खेद करूच नका, असे त्याने म्हटलेले नाही, पण सांत्वनाला येणारे निम्मे लोक ते वचन तसेच वापरतात. लाजराच्या कबरेपाशी येशू रडला. थोड्याच वेळात आपण याला हाक मारून बाहेर बोलावणार आहोत हे ठाऊक असूनही रडला. लाजराच्या बहिणी मार्था आणि मरिया या दोघींनी एकच वाक्य त्याच्या तोंडावर म्हटले होते की तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. हा सरळसरळ ठपका आहे. त्याबद्दल त्याने दोघींपैकी कुणालाही दटावले नाही. माझे मत असे की सांत्वनाची बरीचशी वाक्ये सांत्वन करणाऱ्याच्या सोयीची असतात. समोरच्याचे रडणे थांबले की आपल्याला सुटल्यासारखे वाटते.

स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. म्हणजे देवाच्या लोकांचे जे गीतपुस्तक, त्यातली दर तिसरी रचना कुरकुर, रडगाणे किंवा उघड भांडण आहे. आपल्या भक्तिसभांतल्या गीतांशी हे प्रमाण ताडून पाहावे. मराठी कानाला तर हे परके वाटायचे काहीच कारण नव्हते. १६३०च्या दुष्काळात तुकोबांच्या घरची माणसे गेली, आणि त्यांचे विठ्ठलाशी जे भांडण चालते त्यात भीड नावालाही नसते. जनाबाई तर देवाला शिव्या घालते. ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. पूल ओलांडून आल्यावर आम्ही मागच्या पिढ्यांनी तो धिटाईचा सूर कुठे टाकला कोण जाणे. आमची प्रार्थना वरच्या साहेबाला केलेल्या अर्जासारखी होत गेली, सुरुवातीला भरपूर विशेषणे आणि शेवटी ‘तुझी इच्छा असेल तर’. विनंती काय होती ती मधल्या मध्ये हरवते.

विलापाच्या स्तोत्रांना घडण असते आणि ती शिकता येते. सगळ्यात सोपा नमुना १३वे स्तोत्र, सहाच वचनांचे. पहिल्या दोन वचनांत तक्रार आहे आणि ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. कोठवर मला विसरणार, कोठवर तोंड लपवणार, कोठवर मी मनाशीच घोळत बसू, कोठवर वैऱ्याची सरशी. पुढच्या दोन वचनांत मागणे: इकडे बघ, उत्तर दे, डोळ्यांत उजेड आण, नाहीतर मी मेलोच. शेवटच्या दोन वचनांत ‘पण मी’ म्हणून वळण, भरवसा आणि गाण्याचा शब्द. ज्याला रात्री तीनला जाग येते आणि प्रार्थनेला शब्द फुटत नाहीत त्याने वही घ्यावी, वर तारीख घालावी आणि याच क्रमाने सहा ओळी लिहाव्यात. दोन तक्रारीच्या, दोन मागण्याच्या, दोन भरवशाच्या. मोठ्याने वाचाव्यात, निदान पुटपुटाव्यात. मनातल्या मनात केलेली तक्रार गरगर फिरत राहते. कागदावर उतरली की तिला सुरुवात आणि शेवट मिळतो.

यात चुका ठरलेल्या आहेत. पहिली, तक्रार देवाबद्दल लिहिली जाते, देवाला लिहिली जात नाही. ‘देव माझं ऐकत नाही’ हे वाक्य शेजाऱ्याला सांगायचे झाले. ‘तू माझं ऐकत नाहीस’ म्हटले की ती प्रार्थना होते, कितीही कडू असली तरी. दुसरी, मागणे मोघम राहते. ‘शांती दे’ लिहिण्याऐवजी ‘सोमवारी रिपोर्ट येणार आहे, तोवर झोप दे’ असे लिहावे. तिसरी चूक सर्वांत जास्त होते, आणि श्रद्धाळू माणसाकडून तर हटकून. शेवटच्या दोन ओळी आतून आलेल्या नसताना सवयीने लिहून टाकल्या जातात. त्या आल्या नसतील तर जागा कोरी सोडावी. त्यालाही शास्त्रात आधार आहे. ८८वे स्तोत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत अंधारात चालते आणि अंधारातच संपते, त्यात वळण नाहीच. ते संग्रहात घेणाऱ्यांनी त्याच्या टोकाला एखादे स्तुतीचे कडवे जोडून द्यायचे ठरवले असते तर त्यांना कोणी अडवले नसते. त्यांनी जोडले नाही. एखाद्याची पहिली पाने सगळी ८८व्या स्तोत्रासारखी झाली तरी बिघडत नाही. आठवड्यांनी मागे वळून वाचताना मधेच कुठेतरी एक ‘पण’ आलेला दिसतो, आणि तो कधी आला ते त्या दिवशी कळलेले नसते.

यरुशलेम इसवी सनापूर्वी ५८६च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने जाळले, त्यानंतरचे रडणे म्हणजे बायबलातले विलापगीत हे पुस्तक. अवघे पाच अध्याय. मराठीत वाचताना एक गोष्ट दिसत नाही. पहिल्या चार अध्यायांची रचना इब्री मुळाक्षरांवर बांधलेली आहे. अक्षरे २२, म्हणून पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात २२ वचने, आणि तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन अशी ६६. शहराची राख झालीय, आयांनी पोटची पोरे शिजवून खाल्ल्याचे वर्णन आहे, आणि कवी अक्षरे मोजतो आहे. आधी हे कृत्रिम वाटते. पण दुःखात बुडालेल्या घरात कोणी ना कोणी कपाट लावत असते, बिले तारीखवार करत असते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना नवल वाटणार नाही. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत जायचे, म्हणजे काही न गाळता सगळे सांगायचे आणि कुठेतरी थांबायचेही. परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते, हे फ्रेम करून भिंतीवर लावतात ते वचन याच पुस्तकात आहे, तिसऱ्या अध्यायात, जवळजवळ मधोमध. पुस्तक तिथे संपत नाही. पुढे पुन्हा धूर, पुन्हा भूक. पाचव्या अध्यायातही वचने २२च आहेत, पण अक्षरांचा क्रम मोडलेला आहे, आणि शेवट होतो तो ‘तू आम्हाला कायमचे टाकलेस का’ अशा शंकेवर. यहूदी लोक मंदिराच्या नाशाच्या स्मरणदिनी जमिनीवर बसून हे पुस्तक वाचतात, आणि शेवटचे वचन झाल्यावर त्याच्या आधीचे, ‘आम्हाला परत आण’ असे विनवणारे, पुन्हा एकदा म्हणतात. मूळ शेवटाला हात लावत नाहीत.

एलीयाचे उदाहरण मला फार व्यवहारी वाटते. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवून लगेचच तो रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि ‘आता पुरे, माझा जीव घे’ म्हणतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही, कर्मेलची आठवणही देत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवून त्याला उठवतो. खाल्ल्यावर एलीया पुन्हा झोपतो, आणि देवदूत त्याला झोपू देतो. मग पुन्हा भाकर, कारण ‘वाट तुला झेपणारी नाही’. त्यानंतर ४० दिवसांची चाल, आणि त्याच्याही नंतर डोंगरावर तो प्रश्न, ‘तू इथे काय करतोस?’ अन्न, झोप, पुन्हा अन्न, आणि बोलणे सगळ्यात शेवटी. आमच्याकडे क्रम उलटा असतो, आधी वचन आणि मग चहा. झोप आणि भूक काही आठवडे गेलेली असेल, रोजची साधी कामे होत नसतील किंवा जगू नये असे मनात येत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टर हवा, आणि तो लवकर हवा. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येते. गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला, असे म्हणणाऱ्या पाळकाला एलीयाचा तो अध्याय वाचून दाखवावा.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्याकडे या क्रमाने पाहिले तर बरेच उलगडते. १८७४च्या सुमारास दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. १८८०मध्ये भाऊ गेला. लग्न होऊन दोन वर्षेही झाली नव्हती तोच, १८८२मध्ये पटकीने नवरा गेला. पदरात मनोरमा. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १८८३चा, इंग्लंडमधला. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या मुलींना घेऊन आल्या, त्यामागे हे सगळे होते. भूक काय करते ते त्यांना कोणी सांगायला नको होते. केडगावच्या ‘मुक्ती’ या त्यांच्या संस्थेत प्रार्थना तर होतीच, पण विहिरी होत्या, शेती होती, माग, तेलाचा घाणा आणि छापखाना होता. मुलींच्या हाताला काम होते. १९२१मध्ये मनोरमाही गेली. जिच्या हाती संस्था सोपवायची तीच आईआधी गेली. रमाबाई तेव्हा मूळ इब्री आणि ग्रीकवरून शास्त्राचे मराठी भाषांतर करत होत्या. ते काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. त्या वर्षात त्यांच्या मनात काय चालले असेल याबद्दल चरित्रकार भक्तीने बरेच लिहितात. मला तिथे कल्पना लढवावीशी वाटत नाही. स्तोत्रांचे भाषांतर करणाऱ्या बाईला ८८वे स्तोत्र गाळता आलेले नसणार, एवढे मात्र नक्की.

गुड फ्रायडे आणि ईस्टर यांच्यामधला शनिवार आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पार वाया जातो. चर्च झाडायचे, फुले आणायची, पहाटेच्या उपासनेचा माईक तपासायचा. कॅथलिक चर्चमध्ये निदान वेदी उघडी ठेवतात आणि अंधार पडेपर्यंत मिस्सा होत नाही. शुभवर्तमानात त्या दिवशी शिष्यांकडून काहीच घडत नाही. लूक एवढेच सांगतो की स्त्रियांनी सुगंधी द्रव्ये तयार केली आणि शब्बाथ पाळून विसावा घेतला. येशूच्या दफनाला आलेल्या निकदेमाने तर आदल्या संध्याकाळीच गंधरस आणि अगरू आणले होते, आजच्या हिशेबाने तीस किलोंच्या वर. इतका मसाला मेलेल्या माणसासाठी आणतात. उद्या तो उठेल अशी कोणाची तयारी नव्हती. रविवारी पहाटे निघालेल्या बायकांची चिंतासुद्धा कबरेवरची धोंड कोण लोटणार एवढीच होती. आणि मार्कच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत शुभवर्तमान जिथे थांबते तिथे त्या बायका कापत पळत आहेत आणि भीतीमुळे कोणाला काही सांगत नाहीत. ईस्टरचा पहिला तास हा असा आहे. ज्याला या ईस्टरला ‘तो उठला आहे’ हे गीत गाताना आवाज फुटला नाही, तो त्या बायकांच्याच रांगेत उभा आहे. बाकीचे सावकाश होते. शिष्य थोमाला पटले ते आठ दिवसांनी, आणि तेही जखमा दाखवून. पुनरुत्थित शरीरावर खिळ्यांचे वण तसेच राहिले होते.

तेव्हा सांत्वनाला जायचे असेल तर कधी, याचा थोडा हिशेब करावा. पहिल्या आठवड्यात घर भरलेले असते, तिथे आपण गेलो-न गेलो सारखेच. गेलोच तर सर्वस्व गमावलेल्या ईयोबाला भेटायला आलेल्या मित्रांचे पहिले सात दिवस आठवावेत. ते जमिनीवर नुसते बसून होते तोवर सगळे ठीक होते, बोलू लागल्यावर बिघडले. काम करायचे तर कागदांचे करावे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढून ठेवाव्यात, बँक, विमा, पेन्शन, गॅस, प्रत्येक जण मागतो. तिसऱ्या महिन्यापासून माणसे यायची बंद होतात आणि नेमके तेव्हाच घर अंगावर येते. म्हणून फोनमध्ये तारखा घालून ठेवाव्यात: तिसरा महिना, गेलेल्याचा वाढदिवस, पहिला नाताळ, पहिला ईस्टर. त्या दिवशी आधी कळवून जावे. गेलेल्याचे नाव आपण होऊन घ्यावे, ते टाळण्यात काही दया नसते. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नये, कोणी सांगत नाही. ‘गुरुवारी संध्याकाळी येतो, भाजी आणतो’ असे म्हणावे आणि जावे. प्रार्थना करायची तर विचारून, आणि दोन मिनिटांची. आणि जेवण न्यायचे ते चांगल्या स्टीलच्या डब्यात न्यावे, फेकून द्यायच्या खोक्यात नको. डबा परत करायला म्हणून का होईना, त्यांना दोन-चार दिवसांनी घराबाहेर पडावे लागते.